सातवी इनिंग संपली की पेर्सिओ बाहेर

पेर्सिओ मोर्दान वाईट माणूस आहे असं आमच्या ला बोका गावात कुणी म्हणालं, तर मी त्याच्या अंगावर कढईतलं तेल ओतीन. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी स्वतःच त्याला चिकार शिव्या घालणार आहे.

पेर्सिओ बेसबॉलचे ग्लोव्ह शिवतो. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं एवढंसं दुकान. आत एक स्टूल, दोन दाभणं, चामड्याच्या वाद्यांची भेंडोळी आणि भिंतभर टांगलेले फाटके ग्लोव्ह. शाळेतली पोरं येतात तसे आमच्या 'खेकडे' संघाचे पगारी खेळाडूही येतात. तो ग्लोव्ह कानाशी धरतो, आत मुठीने एक दणका देतो आणि आवाजावरून सांगतो, "अंगठ्याजवळची वादी गेलीय. मंगळवारी या." मंगळवारी ग्लोव्ह तयार असतो. कधी नाही म्हणून झालेलं नाही.

लग्न त्याने केलं नाही. बहीण तापाने गेली तेव्हा तिचा रानिएल चार वर्षांचा होता. मामाने भाच्याला उचलून घरी आणलं, मोज्यांचा बोळा चिंध्यांनी गुंडाळून त्याचा बॉल केला आणि परसात, वाळत घातलेल्या कपड्यांखाली, पोराला टाकायला शिकवलं. रानिएलला चमचा नीट धरता येत नव्हता तेव्हा बॉल धरता येत होता. मी पलीकडे राहायचे. दिवसभर धप्प-धप्प चालायचं. माझी पांढरी चादर दोनदा चिखलात पाडली मेल्यांनी.

तर असा हा माणूस. आणि या माणसाला अख्ख्या गावाने पनवती ठरवलं होतं.

बारा वर्षांपूर्वी एका रविवारी खेकडे सहा धावांनी पुढे होते. आठवी इनिंग चालू झाली आणि पेर्सिओ उभा राहून म्हणाला, "आता काय, जिंकलोच आपण!" झालं. सहाच्या सहा धावा फिटल्या, वर एक चढली, खेकडे हरले. पुढच्या सामन्यात तो तोंड दाबून बसला, तरी हरले. तिसऱ्या वेळी त्याचं पोट बिघडलं, सातव्या इनिंगनंतर तो जो शौचालयात गेला तो शेवटपर्यंत आलाच नाही, आणि खेकडे जिंकले. एवढं पुरलं. एखादी गोष्ट मानायची ठरवली की आमच्या गावाला पुरावा फार लागत नाही.

तेव्हापासून कायदाच झाला. सातवी इनिंग संपली की तीन नंबरच्या फाटकावरचा फेर्मिन खोकायचा. पेर्सिओ आपणहून उठायचा, पँट वर ओढायचा, आजूबाजूच्यांशी हात मिळवायचा आणि बाहेर यायचा. सामना संपेपर्यंत कुणी त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. कुणी बाहेर आलंच तर भिंतीकडे तोंड करून जायचं. रेडिओ ऐकलेला चालेल का, यावर न्हाव्याच्या दुकानात तीन दिवस वाद झाला आणि चालणार नाही असं ठरलं.

बाहेर फाटकासमोर, बदामाच्या झाडाखाली, माझी तळणीची गाडी आहे. मी नूरिस. तीस वर्षं इथे यानिकेके, म्हणजे मैद्याच्या कुरकुरीत पुऱ्या, तळतेय. सोबत माझा भाऊ तोन्यो असतो. तो मदतीला असतो असं तो म्हणतो. प्रत्यक्षात तो खुर्चीत झोपलेला असतो, सामना असो नसो.

पेर्सिओ येऊन माझ्या तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसायचा. मी त्याच्या हातात गरम यानिकेके द्यायचे. तो तोडायचा आणि कान टवकारायचा. आतून गलका उठला की म्हणायचा, "उंच गेला. डावीकडे... पकडला." किंवा, "हं, हे पंचाला शिव्या घालतायत. बरोबर आहे, स्ट्राइक नव्हताच तो." बारा वर्षांत त्याचा अंदाज दोनदा चुकला असेल, फार तर.

मी म्हणायचे, "अरे, तुला राग कसा येत नाही?"

"कशाचा राग, नूरिस? जिंकतात ना पोरं?"

आता या माणसाला काय म्हणायचं? बैल म्हणायचं. मी म्हणायचेही.

पण चालून जात होतं सगळं. पंचाईत झाली ती रानिएल परत आला तेव्हा. सात वर्षं तो अमेरिकेत लहान-लहान गावांतून बसने हिंडत खेळला, वर चढायचं काही जमलं नाही, खांदा तेवढा दुखावून घेऊन आला. खेकड्यांनी त्याला घेतलं, तेही फक्त नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगसाठी. एकाच धावेची आघाडी असेल, सगळ्यांचा जीव टांगणीला लागला असेल, तेव्हा रानिएल मैदानात यायचा, पंधरा-वीस बॉल टाकायचा आणि सामना संपवून जायचा. लोक वेडे झाले होते त्याच्या मागे. बायका भिंतीवर त्याचे फोटो लावायच्या.

सगळ्या गावाने त्याला बघितलं. ज्याने शिकवलं त्याने नाही. पोरगा आत धावत यायचा तेव्हा मामा बाहेर माझ्या डब्यावर बसलेला असायचा. माझं टाळकं फिरायचं, खरं सांगते.

फायनलच्या आदल्या दिवशी माझ्या चपलेचा पट्टा तुटला म्हणून मी त्याच्या दुकानात गेले, तर रानिएल आत उभा. डोकं छताला टेकलेलं.

"मामा, डॉक्टर म्हणाला खांद्यात आता काही उरलं नाही. उद्याचा शेवटचा. उद्या तरी बस ना शेवटपर्यंत."

"वेडा आहेस का? उद्या फायनल आहे. उद्या तर मुळीच नाही."

"तू बाहेर असलास तरी आम्ही हरतोच की कधी कधी!"

"तेव्हा मी पुरेसा बाहेर नसेन," मामा म्हणाला आणि दाभणाकडे बघत राहिला.

रानिएलने बॅटरमागे झेलायला बसणाऱ्या कॅचरचा दुरुस्त केलेला ग्लोव्ह उचलला आणि निघून गेला. मी पेर्सिओला म्हटलं, "अरे बाबा, पोरगं शेवटचं मागतंय!" तर म्हणतो कसा, "म्हणूनच, नूरिस. शेवटचा सामना माझ्या नजरेने हरला तर त्याला मी तोंड कसं दाखवू?"

त्याला खरंच वाटत होतं हो. गावाने बारा वर्षं सांगितलं आणि त्याने मनावर घेतलं. मी चप्पल तशीच हातात घेऊन घरी आले आणि वाटेत फेर्मिन भेटला त्याला विनाकारण झापलं.

रविवारी दोन वाजता सामना सुरू झाला. समोर राजधानीवाले. ऊन चांगलं कडक, गाडीभोवती गर्दी. सात इनिंग झाल्या तेव्हा खेकडे चार, राजधानी दोन. फेर्मिन खोकला. पेर्सिओ बाहेर आला आणि डब्यावर बसला. त्या दिवशी त्याने यानिकेके हातातसुद्धा घेतला नाही.

आठवी इनिंग. आत एकदम शांत झालं. मग पाहुण्यांच्या बाजूचा तेवढाच गलका.

"दोन गेल्या," पेर्सिओ म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. "चार-चार."

मी झारा तसाच हवेत धरून उभी राहिले. "थांब. तू कुठे आहेस आत्ता?"

"इथे."

"इथे म्हणजे बाहेर ना? मग तुझ्या नजरेने कशा गेल्या दोन धावा? भिंतीतून बघतोस का तू?"

याचं उत्तर त्याच्याआधी गावाला सुचलं! फाटक जरासं उघडलं आणि फेर्मिनने डोळ्यांवर हात धरून आरोळी ठोकली, "पेर्सिओ! एवढं अंतर पुरत नाहीये. तुला पुलापलीकडे पाठवायचं ठरलंय. मोटरसायकल येतेय. राग मानू नकोस, भल्या माणसा!"

"नाही, नाही, बरोबर आहे," पेर्सिओ उठून म्हणाला. चक्क पँट वर ओढायला लागला!

मग मात्र माझा तोल गेला. "बरोबर आहे? काय बरोबर आहे? पोरगं आत शेवटचा खांदा मोडायला उभं राहणार आणि तू नदीपलीकडे बगळे मोजत बसणार? तुझी बहीण वरून बघत असेल तर लाजेने तोंड लपवेल! काढ ती टोपी!"

"टोपी कशाला?"

"काढ म्हणते ना!"

त्याची पिवळी टोपी गावभर ओळखीची. ती मी खुर्चीत घोरणाऱ्या तोन्योच्या तोंडावर ठेवली. पेर्सिओचा सदरा काढून तोन्योच्या खांद्यांवर टाकला. पेर्सिओला माझा जास्तीचा घोळदार झगा चढवला, वर एप्रन बांधला, डोक्याला लाल रुमाल. राहिली मिशी. ती मिशी म्हणजे भांडी घासायचा ब्रश, लपणार कशी? मी एक फडकं घेऊन हनुवटीखालून डोक्यावर करकचून बांधलं, दाढ दुखत असली की बांधतात तसं. मिशी निम्मी गेली. निम्म्यावर देव बघून घेईल.

"नूरिस, मी बघितलं आणि तो हरला तर?" फडक्यातून आवाज आला.

"हरला तर हरला! एकटा नाही ना हरणार? तू असशील ना तिथे?"

तेवढ्यात मोटरसायकल आली. मागे दोन पोरगे, दोघांचे डोळे गच्च मिटलेले. पनवतीकडे बघायचं नाही ना! चाचपडत आले, पिवळी टोपी हाताला लागली, त्यावर टॉवेल टाकला आणि तोन्योला उचलून मधोमध बसवला. तोन्योने विचारलं, "कुठे चाललोय?" एकाने त्याच्या हातात रमची चपटी बाटली दिली. त्यानंतर तोन्योने काही विचारलं नाही. गेले भुर्रकन.

मोटरसायकल पुलावर पोचली असेल-नसेल, आत असा काही जल्लोष झाला की बदामाच्या झाडावरचे पक्षी उडाले. खेकड्यांनी एक धाव काढली होती. पाच-चार.

"सरळ फटका," पेर्सिओ पुटपुटला. "उजवीकडे."

"आता आत जाऊन बघ," मी म्हटलं आणि त्याच्या डोक्यावर परात ठेवली.

फाटकात फेर्मिनने अडवलं. "ही कोण, नूरिसबाई?"

"माझी वहिनी. डोंगरातली. दाढ ठणकतेय तिची, बोलायला लावू नकोस."

"अगं बाई, लवंग धर दाढेखाली," फेर्मिन कळवळून म्हणाला आणि परातीतला एक यानिकेके उचलून त्याने आम्हाला आत सोडलं. आत प्रत्येक पायरीवर कुणी ना कुणी औषध सांगितलं. एका म्हाताऱ्याने तर रमने चूळ भर म्हणून ग्लास पुढे केला. पेर्सिओने चूळ भरली आणि गिळली.

आम्ही कॅचरच्या मागे, जाळीजवळ उभे राहिलो. नववी इनिंग. तीन गडी बाद केले की ट्रॉफी आमची. आणि रानिएल मैदानात आला.

मी मैदानाकडे नाही बघितलं, पेर्सिओकडे बघितलं. परात एका हाताने डोक्यावर धरलेली, दुसरा हात एप्रनमध्ये मुरगळलेला, आणि डोळे एवढे मोठे! "किती उंच दिसतो गं," एवढंच म्हणाला. रोज त्याच्याच घरात जेवणारा पोरगा, आणि म्हणे किती उंच दिसतो.

पहिला गडी गेला. दुसऱ्याने फटका मारून पहिला बेस गाठला. त्याच्या पुढच्याला चार बॉल बाहेर पडले म्हणून फुकटचा बेस मिळाला. रानिएल खांदा दाबत होता. मग एकाला तीन स्ट्राइकमध्ये घालवलं. दोन बाद, बेसवर दोन जण, आणि समोर राजधानीचा तो रेड्यासारखा बॅटर. एक धड फटका, की संपलो आम्ही.

रानिएल कॅचरकडे बघायला वाकला. त्याची नजर जाळीतून मागे आली. लाल रुमाल, परात, बांधलेली दाढ, आणि फडक्याच्या वर डाव्या बाजूने डोकावणारी मिशी! तो थांबला. पुन्हा बघितलं. आणि फायनलच्या नवव्या इनिंगला, चाळीस हजार डोळ्यांदेखत, हा कार्टा फस्सकन हसला.

हसता हसता बॉल सुटला तो कॅचरच्या डोक्यावरून थेट आमच्या जाळीवर आदळला. दोघे धावणारे एकेक बेस पुढे सरकले. सगळ्या स्टेडियमने कपाळाला हात लावला.

"बघितलंस? बघितलंस माझी नजर?" पेर्सिओ वळून निघालाच. मी एप्रनची नाडी पकडली.

"इथून हललास तर झगा फेडीन सगळ्यांसमोर! बघ त्याच्याकडे! बघ म्हणते!"

तो वळला. त्याने गाल फुगवले आणि हळूहळू हवा सोडली. परसात तो असंच करायचा. पोरगा घाईला आला की मामा गाल फुगवायचा, म्हणजे आधी श्वास सोड, मग टाक. मला आठवत होतं. रानिएललाही आठवत असणार, कारण तिकडे त्यानेही गाल फुगवले.

एक स्ट्राइक. एक बाहेर. आणखी एक स्ट्राइक. पुन्हा एक बाहेर, म्हणजे आता टाकायचा तो शेवटचाच. लोक देवाला, देवाच्या आईला आणि पंचाच्या आईला एकत्रच हाका मारत होते.

रानिएलने टाकला. जोरात नाही. मोज्यांच्या बोळ्याने शिकवलेला तो लबाड बॉल, सरळ येतोय असं दाखवतो आणि बॅटपाशी येऊन बसतो. रेड्याने सगळी ताकद लावली आणि हवाच मारली. पण बॉल इतका खाली गेला होता की कॅचरच्या हातून निसटला असता तर बॅटर बाद झालाच नसता, पळापळ झाली असती, पाच-पाच झालं असतं. कॅचर मातीत पालथा पडला. एक क्षण काही कळेना. मग त्याने ग्लोव्ह वर केला. बॉल आत. पेर्सिओने शुक्रवारी घातलेल्या नव्या वाद्यांमध्ये घट्ट अडकलेला.

परात गेली लोकांच्या डोक्यावर. पेर्सिओ ओरडला, पण दाढ बांधलेली म्हणून नुसतं "म्म्म!" आलं. तो रडत होता, मीही रडत होते, शेजारचा म्हातारा आम्हाला दोघींना धरून नाचत होता.

सगळं गाव मैदानात उतरलं, आणि रानिएल त्या गर्दीतून उलटा, आमच्याकडे आला. कठड्यावरून उडी मारली, पेर्सिओसमोर उभा राहिला आणि खाली पडलेली परात उचलून त्याच्या हातात दिली.

"ओ मावशी," तो म्हणाला, "एक यानिकेके द्या. भूक लागलीय." आणि तो शेवटचा बॉल त्याने परातीत ठेवला.

परातीत दुसरं काही उरलं नव्हतं. मामाने बॉल उचलला, एप्रनला पुसला, कानाशी धरला. मग भाच्याच्या गळ्यात पडला, आणि फडकं सुटलं.

तिकडे फेर्मिन आणि मंडळी ढोल घेऊन पुलापलीकडून पेर्सिओला वाजत-गाजत आणायला गेली होती. खांद्यावर बसवून आणला, टॉवेल काढला, तर तोन्यो! फेर्मिनचं तोंड उघडंच राहिलं.

"मग पेर्सिओ कुठे होता?"

"आत होता," मी कमरेवर हात ठेवून म्हटलं. "जाळीपाशी. नवव्या इनिंगचा एकेक बॉल बघितलाय त्याने. आणि तू आपल्या हाताने आत सोडलंस त्याला, लवंग धर म्हणून."

आता यांच्या डोक्यात प्रकाश पडेल, असं मला वाटलं. फेर्मिनने डोकं खाजवलं. पेर्सिओकडे बघितलं. मग तोन्योकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"म्हणजे बारा वर्षं," तो सावकाश म्हणाला, "हा फाटकासमोर बसायचा?"

"रोज," कुणीतरी म्हणालं.

"आणि आज पहिल्यांदा पुलापलीकडे गेला..."

"आणि लगेच धाव निघाली!"

हात टेकले मी. त्या दिवसापासून पनवती माझा भाऊ. सातवी इनिंग संपली की मोटरसायकल येते, दोन पोरगे डोळे मिटून त्याला टॉवेल घालतात, हातात चपटी बाटली देतात आणि पुलापलीकडे सोडतात. तोन्यो म्हणतो, आयुष्यात इतका मान त्याला कुणी दिला नव्हता. सहाव्या इनिंगपासूनच जागा होऊन बसतो आता.

मला मात्र आत काय चाललंय ते सांगायला कुणी उरलं नाही. मी फाटकाच्या फटीतून बघते. रानिएल आता खेळत नाही, मामाच्या शेजारी स्टूल टाकून ग्लोव्ह शिवतो, आणि रविवारी दोघे शेजारी-शेजारी बसतात. सातवी इनिंग संपते. फेर्मिन सवयीने खोकतो. पेर्सिओ सवयीने उठतो, पँट वर ओढतो आणि आजूबाजूच्यांशी हात मिळवायला लागतो. मग रानिएल चांगल्या हाताने त्याच्या सदऱ्याचं टोक धरून त्याला खाली बसवतो.

"बस, मामा," म्हणतो. "अजून दोन बाकी आहेत."